समुद्रातल्या खडकावर दीपगृह बांधलं कसं? मंडळाच्या देखाव्यासाठी माहिती पाहिजे

गावभागचा_पप्या (सांगली)

राम राम मंडळी. जरा वेगळीच माहिती पाहिजे होती, मोबाईलवर शोधून डोकं उठलं म्हणून इथं विचारतोय. आमचं गणपती मंडळ सांगलीत, दरवर्षी देखावा असतोच, पण खरं सांगायचं तर बरीच वर्षं तेच ते फिरवून चाललंय, अफझलखान, महापूर, झाडे लावा, परत अफझलखान. यंदा पोरं म्हणाली काहीतरी कुणी केलं नसंल असं करू. आमच्यातल्या एकानं बेल रॉक म्हणून स्कॉटलंडच्या एका दीपगृहाचा व्हिडिओ दाखवला. चारी बाजूला नुसतं पाणी, जमिनीचा पत्ता नाही आणि टॉवर थेट लाटांतनं वर आलाय. बघितल्या बघितल्या सगळ्यांनी ठरवूनच टाकलं.

आता शंका अशा की खाली जमीनच नाही तर पाया कुठं घातला? २०० वर्षांपूर्वीचं काम म्हणत्यात, तेव्हा सिमेंट नाही, क्रेन नाही, लाईट नाही. मग दगड चढवले कसे आणि दिवा एवढ्या लांब दिसायचा कसा? आत माणसं राहायची म्हणे, म्हणजे कुठं, झोपायची कशी?

आमचा प्लॅन असा आहे: १८ फुटी टॉवर, वर फिरता फोकस, खाली निळं कापड आणि ते हलवायला दोन फॅन. थर्माकोलला बंदी आहे त्यामुळं प्लाय, बांबू आणि पुठ्ठा. बजेट वर्गणीवर, म्हणजे तुम्ही समजून घ्या. एका कार्यकर्त्याचं म्हणणं आहे भुताची स्टोरी लावू, कुठल्यातरी दीपगृहातनं तीन माणसं गायब झालेली, गर्दी तुटून पडंल. ते बेल रॉकच का दुसरं कुठलं हेपण सांगा. जाणकारांनी प्लीज जरा डिटेलमध्ये लिहा, आम्हाला घाई नाही, अजून मंडपाची परवानगीच यायची आहे.

जहाजी_सातारकर

पप्या, विषय चांगला काढलास. मी मर्चंट नेव्हीत होतो, आता साताऱ्यात घरी. बेल रॉकचा दिवा रात्री लांबून पाहिलाय त्यामुळं राहवलं नाही.

आधी जागा समजून घे म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर आर्ब्रोथ नावाचं बंदर आहे, तिथून साधारण १८ किलोमीटर आत समुद्रात लाल वालुकाश्माचा एक लांबट खडक आहे. ओहोटीला तो पाण्याच्या जेमतेम चार फूट वर येतो, आणि भरतीला त्याच्यावर १२ ते १६ फूट पाणी असतं. म्हणजे बेट वगैरे काही नाही, दिवसातला बराच वेळ तो दिसतच नाही आणि तेच तर दुखणं होतं. दिसणारा खडक जहाजाला काही करत नाही, वळसा घालून जाता येतं. नाव बेल का, तर आर्ब्रोथच्या मठातल्या एका धर्मगुरूनं चौदाव्या शतकात तिथं घंटा बांधली होती, लाटेनं वाजायची, आणि पुढं ती एका चाच्यानं पळवली अशी दंतकथा आहे. घंटा खरी का खोटी ते सोडून दे, देखाव्याला उपयोगी आहे.

१७९९ च्या डिसेंबरात मोठं वादळ झालं, स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर ७० च्या आसपास जहाजं गेली. तेव्हापासून रॉबर्ट स्टीव्हन्सन नावाचा तरुण इंजिनिअर मागं लागला होता की इथं दगडी टॉवर बांधू या. कोण ऐकणार, खर्च बघूनच सगळे गप्प. मग १८०४ मध्ये एचएमएस यॉर्क ही ६४ तोफांची लढाऊ नौका गेली, ४९१ माणसं, एकही परत आला नाही. ती याच खडकावर आपटली असं मानतात. त्याच्यानंतर १८०६ ला पार्लमेंटनं कायदा केला आणि पैसा मोकळा झाला. व्यापारी जहाजं बुडत होती तोवर सगळं थंड, आरमाराचं जहाज गेलं की फाईल हलली. सरकारी काम तिकडचंही असंच.

ऑगस्ट १८०७ ला काम सुरू, पहिला दगड जुलै १८०८ ला बसला, १८१० च्या उन्हाळ्यात शेवटचा, आणि १ फेब्रुवारी १८११ ला दिवा पेटला. तेव्हापासून तो टॉवर तिथंच उभा आहे, दगड बदललेले नाहीत. बेल रॉक कसं उभं राहिलं याचं उत्तर टॉवरमध्ये कमी आणि त्या पहिल्या वर्षाच्या कामात जास्त आहे, त्यामुळं माझं म्हणणं तू १८ फुटी टॉवरचा नाद सोड. काम चालू असतानाचा सीन दाखव. ते कसं ते नंतर लिहितो, आता देवळात जायचंय.

गावभागचा_पप्या

काका भारीच. पण टॉवर नाही दाखवला तर लोक म्हणणार दीपगृह कुठाय. आणि एक कळलं नाही, चार फूट वर येणाऱ्या खडकावर माणसं उभी राहून काम करणार कधी?

चुन्याचा_घाणा (वाई)

मी जुन्या वाड्यांची, घाटांची डागडुजी करतो, दगड-चुन्याचं काम. या दीपगृहाच्या जोडणीबद्दल आमच्या धंद्यात उत्सुकता असतेच म्हणून वाचलेलं आहे.

पप्या तू सांगलीचा, तुला हे सांगायला सोपंय. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, पुलाच्या दगडी खांबांना कृष्णा कशी घासत होती ते तू बघितलंच असशील. आता असं समज की तो पूर वर्षातनं एकदा नाही तर दिवसातनं दोनदा येतो आणि तुला खांब त्याच्यातच उभा करायचाय, पाणी उतरलं की खाली उतरायचं, चढलं की जीव घेऊन वर यायचं. बस, बेल रॉकचा पाया असा घातलाय. ओहोटीचे दोनेक तास मिळायचे, कधी तेवढेही नाही. सुरुवातीचं मोठं काम म्हणजे कुदळ-पहारीनं खडक फोडून ४२ फूट व्यासाचा गोल खड्डा सपाट करणं. प्रत्येक भरतीला खड्डा भरणार, दुसऱ्या दिवशी आधी पंपानं पाणी उपसायचं मग काम. हत्यारं बोथट व्हायची म्हणून लोहाराची भट्टी थेट खडकावर लावली होती, लोहार गुडघाभर पाण्यात उभा राहून टिकाव शेकायचा आणि लाट आली की भट्टी विझायची. पप्या, हा माणूस तुझ्या देखाव्यात पाहिजेच.

आता जोडणी. दगड नुसते एकावर एक ठेवले तर समुद्र एकेक उचलून नेणार. ही अक्कल स्टीव्हन्सनच्या आधी जॉन स्मीटन नावाच्या माणसाला आली, इंग्लंडच्या दक्षिणेला एडिस्टन म्हणून खडक आहे तिथं. त्या खडकाचा इतिहास ऐकशील तर तुला तिथलाच देखावा करावा वाटेल. पहिलं दीपगृह १६९८ ला विन्स्टन्ली नावाच्या माणसानं बांधलं, लाकडी, नक्षीकाम केलेलं, आणि त्याला एवढी खात्री की मोठ्यात मोठ्या वादळात मला इथं राहायचंय म्हणायचा. १७०३ ला आलं वादळ, हा आतच होता, सकाळी खडकावर काहीच नव्हतं. दुसरं रडयर्डनं १७०९ ला बांधलं, लाकडाचंच पण आत दगडाचं वजन भरून, ते बरं टिकलं, पण १७५५ ला वरच्या दिव्याच्या खोलीतनं पेटलं आणि खालपर्यंत जळत आलं. मग स्मीटन, १७५९. त्यानं ठरवलं पूर्ण दगडी, बुडाशी रुंद, वर निमुळतं, ओकच्या झाडाच्या बुंध्यावरून त्याला तो आकार सुचला. आणि दगड एकमेकांत अडकवले, सुतारकामात जो डव्हटेल, म्हणजे टोकाला रुंद होत जाणारा सांधा असतो तोच, फक्त टनाटनाच्या ग्रॅनाईटमध्ये. एका थरातला दगड ओढायचा म्हटलं तर शेजारचे चार सोडत नाहीत. वरच्या आणि खालच्या थराच्या मध्ये संगमरवराचे चौकोनी ठोकळे बसवले म्हणजे थर सरकायला नको, आणि चुना वाळेपर्यंत दगड धरून राहावा म्हणून ओकच्या लाकडी खुंट्या.

चुना हा तर माझा विषय. साधा चुना पाण्यात घट्ट होत नाही, धुपून जातो. स्मीटननं वेगवेगळ्या खाणींतले चुने आणून बारीक प्रयोग केले आणि त्याला सापडलं की ज्या चुनखडीत मातीचा अंश आहे तो चुना पाण्याखालीही धरतो, त्यात त्यानं इटलीतली ज्वालामुखीची राख मिसळली, पॉझोलाना. आपल्याकडं चुन्यात विटेचा भुगा म्हणजे सुरखी घालतात ती याच कारणानं, भाजलेल्या मातीतलं सिलिका आणि ॲल्युमिना चुन्याशी धरून बसतं. आमचे जुने गवंडी गूळ, बेलफळाचं पाणी घालायचे ते वेगळं, पण सुरखी ही खरी. स्मीटनच्या या प्रयोगांचा धागा पुढं १८२४ च्या पोर्टलंड सिमेंटपर्यंत जातो. म्हणजे आज तू जी गोणी आणतोस तिच्या मागं एक दीपगृह आहे.

स्टीव्हन्सननं हे सगळं उचललं आणि एका ठिकाणी सुधारलं. स्मीटनच्या मजल्यांची तळं कमानीची होती, कमान भिंतीला बाहेर ढकलते, म्हणून त्यानं भिंतीत लोखंडी साखळ्या घालून ती आवळली होती. बेल रॉकला तळाच्या फरश्याच भिंतीच्या थरात आत घुसवल्या, म्हणजे मजला भिंतीला बाहेर ढकलायच्या ऐवजी आत बांधून ठेवतो. साधं वाटतं, पण ज्यानं वाड्याची फुगलेली भिंत बघितली आहे त्याला किंमत कळेल.

अडीच हजाराच्या वर दगड आहेत, खालच्या भागात बाहेरून ॲबर्डीनचा ग्रॅनाईट, बाकी सगळा वालुकाश्म. सगळे आर्ब्रोथच्या यार्डात घडवून, थर जमिनीवर मांडून बघून, नंबर टाकून मग बोटीनं नेले. यार्डातनं बंदरापर्यंत ते दगड ओढायला एकच घोडा होता, बॅसी त्याचं नाव. त्याचा सांगाडा पुढं जपून ठेवला म्हणतात. पहिले ३० फूट टॉवर भरीव आहे, आत काहीच पोकळ नाही. दार ३० फुटांवर, दोराच्या शिडीनं चढायचं. बुडाला व्यास ४२ फूट, टोकाला १५. तेव्हा तू जर सरळ पाईप उभा केलास तर मी सांगलीत येऊन वर्गणी परत मागेन, दिलेली नसली तरी.

डोंगरवेडा_कऱ्हाड

सगळं ठीक पण स्कॉटलंड कशाला राव? आपलं खांदेरी आहे की. थळच्या समोर, बेटावर किल्ला आणि किल्ल्यावर दीपगृह. १६७९ ला महाराजांनी मायनाक भंडाऱ्याला पाठवून बेटावर तटबंदी सुरू केली तर मुंबईचे इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी दोघं अंगावर आले, तरी काम थांबलं नाही. तिथलं अष्टकोनी दगडी दीपगृह १८६७ चं, २५ मीटर उंच. बेटाला १९९८ पासून कान्होजी आंग्रे बेट म्हणतात. एक खडक तर दगडानं वाजवला की भांड्यासारखा आवाज देतो, वेताळाचं ठाणं आहे, कोळी बांधव नारळ वाहतात. आणि आता २०२५ ला युनेस्कोच्या यादीत आपले जे १२ किल्ले गेले त्यात प्रतापगडाबरोबर खांदेरी पण आहे. लोकांना आपलं वाटेल.

गावभागचा_पप्या

दादा मनातलं बोललात, पण पोरं ऐकंनात, त्यांना लाटांतनं वर आलेलाच पाहिजे.

जहाजी_सातारकर

डोंगरवेडा, खांदेरीचं म्हणणं खरं आहे आणि त्याच्यावर वेगळा देखावा व्हावाच, १६७९ ची लढाई तर सिनेमासारखी आहे. पण पप्याचा प्रश्न वेगळा आहे. खांदेरी कायम पाण्याच्या वर आहे, तिथं विहिरी आहेत, माणूस राहू शकतो. बांधकामाची अडचण शत्रूची होती, समुद्राची नव्हती. इथं जमीनच नाही. मुंबईत कुलाब्याच्या टोकाला प्रॉंग्स रीफ आहे, १८७५ चं, ४१ मीटर, ते जरा जवळ येतं, ओहोटीला तिथं खडकावरून चालत जाता येतं आणि भरतीला वेढून जातं. आपल्याकडचं नाव पाहिजेच असेल तर पाटीवर प्रॉंग्सचा उल्लेख टाका.

आता वचन दिल्याप्रमाणे सीन. तारीख २ सप्टेंबर १८०७. कामगार खडकावर, ओहोटी चालू. त्यांना आणणारी बोट, तिचं नाव स्मीटनच, त्या आधीच्या इंजिनिअरच्या नावावरून, जवळ नांगर टाकून उभी होती. वारा वाढला, नांगर सुटला आणि बोट वाहत लांब गेली. खाली मान घालून काम करणाऱ्यांना पत्ताच नाही. स्टीव्हन्सनला दिसलं. खडकावर ३२ माणसं, आणि उरलेल्या दोन होड्यांत चांगल्या हवेतसुद्धा जेमतेम २४ बसणार. भरती सुरू झालेली. पाणी चढायला लागलं तशी माणसं हत्यारं गोळा करून होड्यांकडं आली आणि बघतात तर बोट नाही. कुणी ओरडलं नाही, ढकलाढकली नाही, सगळे स्टीव्हन्सनच्या तोंडाकडं बघत उभे. तो बोलायला गेला तर घशाला एवढी कोरड की शब्द फुटेना. खडकावरच्या डबक्यातलं खारं पाणी त्यानं ओंजळीनं तोंडात घेतलं आणि वर बघतो तर कुणीतरी ओरडलं, बोट, बोट! आर्ब्रोथहून टपाल घेऊन जेम्स स्पिंक, जहाजांना वाट दाखवणारा पायलट, योगायोगानं त्या बाजूला आला होता. वाचले. हे स्टीव्हन्सननं स्वतः लिहून ठेवलेलं आहे.

सांग, याच्यापुढं भूत काय करणार? जिवंत देखावा करा. आठ-दहा पोरं, मध्ये खडक, लोहाराची भट्टी, निळं कापड हळूहळू वर वर ओढत न्यायचं गुडघ्यापर्यंत, मागून निवेदन. मग अंधार. आणि मग मागच्या बाजूला टॉवर आणि त्याचा दिवा पेटतो. तुझा टॉवर पण झाला. टॉवर मागं असल्यामुळं दहा-बारा फुटांत भागेल आणि लांब वाटेल.

अजून एक गंमत, रविवारी काम करायचं का यावरून तिथं वाद झाला होता. धार्मिक लोक, रविवारी काम म्हणजे पाप. स्टीव्हन्सन म्हणाला हे माणसं वाचवायचं काम आहे. बहुतेक तयार झाले, काही शेवटपर्यंत झाले नाहीत, त्यांना त्यानं काढलं नाही. कामगार राहायचे जवळच नांगरलेल्या एका जहाजावर, ते असं हेलकावे खायचं की लोकांना खडकावर उतरलेलं परवडायचं. म्हणून नंतर खडकावरच लाकडी खांबांवर उंच खोली बांधली, भरती आली की सगळे वर चढून बसायचे आणि पायाखालनं समुद्र जायचा.

श्रेयाचं भांडण पण आहे. कागदावर मुख्य इंजिनिअर जॉन रेनी, तो अधूनमधून येऊन जायचा, सल्ला द्यायचा. स्टीव्हन्सन त्याच्या हाताखाली पण रोज खडकावर. दोघांच्या पोरांनी पुढं कित्येक वर्षं पत्रं लिहून वाद घातला. मला विचारशील तर ज्याच्या पायाला पाणी लागलं त्याचं काम.

चुन्याचा_घाणा (वाई)

शेवटच्या वाक्याला तहहयात पाठिंबा. फक्त रेनीला एकदम मोडीत काढू नका, बुडाचा पसारा स्टीव्हन्सनच्या मूळ नकाशापेक्षा जास्त ठेवायला त्यानं लावला असं मानणारे आहेत. आणि क्रेनचं राहिलंच, पप्यानं विचारलेलं. फ्रान्सिस वॉट नावाच्या फोरमननं लोखंडी बॅलन्स क्रेन बनवली, एका हाताला दगड, दुसऱ्या हाताला सरकतं वजन, हाताच्या चाकानं चालणारी. टॉवर वाढेल तशी ती टॉवरच्या मधोमध वर वर जायची. खडकावर बोटीपासून पायापर्यंत लोखंडी रूळ टाकून छोट्या गाड्यांवर दगड ढकलायचे. रूळाचा तुकडा देखाव्यात सहज होईल.

मिरजेची_मास्तरीण

माहेर रत्नागिरी, सासर मिरज, शाळेत विज्ञान शिकवते. लहानपणी भगवती किल्ल्याकडच्या दीपगृहावर वडील घेऊन जायचे, तिथल्या भिंगात स्वतःचं तोंड उलटं बघायचा नाद होता मला. दिव्याचं मी सांगते.

पप्या, फोकस म्हणजे जोरदार बल्ब हा गैरसमज काढून टाक. दिवा लहानच असतो, कमाल असते ती त्याच्या मागच्या नाहीतर पुढच्या काचेची. दिवा चारी बाजूला उजेड फेकतो, आकाशात, जमिनीवर, सगळा वाया. तो गोळा करून आडव्या पट्ट्यात समुद्राकडे पाठवायचा एवढंच काम. बेल रॉकला १८११ मध्ये आरसे होते, तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा दिलेले २४ अन्वस्त परावर्तक, प्रत्येकाच्या मध्यभागी एक तेलाचा दिवा. हे अरगँड दिवे, वात पोकळ नळीसारखी, आतून-बाहेरून हवा मिळते आणि वर काचेची चिमणी, त्यामुळे ज्योत पांढरी आणि धूर कमी. तेल व्हेल माशाचं.

आता खरी आयडिया ऐक. लांबून रात्री खलाशाला दिवा दिसला तरी हा कुठला दिवा हे कसं कळणार? चुकीचा ओळखला तर सरळ खडकावर. म्हणून बेल रॉकला काही परावर्तकांपुढे लाल काच लावली आणि आख्खी चौकट घड्याळाच्या यंत्रानं फिरवली, म्हणजे एकदा पांढरा, एकदा लाल. यंत्राला वीज नाही, दोराला वजन टांगलेलं, ते टॉवरच्या आतून हळूहळू खाली येतं आणि चाकं फिरतात, खाली आलं की माणसानं परत चावी द्यायची, रात्रभर. त्याच यंत्रावर धुक्यात मोठ्या घंटा वाजायच्या. म्हणजे काकांनी सांगितलेली ती चाच्यानं पळवलेली घंटा शेवटी आलीच परत.

तू जी गोल काचेची कड्याकड्यांची भिंगं फोटोत बघतोस ती फ्रेनेल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाची, फ्रान्समध्ये कोर्दुआँ नावाच्या दीपगृहावर १८२३ ला पहिल्यांदा बसली, म्हणजे बेल रॉकच्या नंतर. जाड भिंगातली मधली निरुपयोगी काच काढून टाकून फक्त वाकडा पृष्ठभाग कड्यांमध्ये ठेवला. पहिल्या नंबरच्या म्हणजे मोठ्या भिंगात दिव्यापासून काचेचं अंतर ९२० मिलिमीटर, आत माणूस उभा राहतो. पुढे पुढे ही टनावारी वजनाची भिंगं पाऱ्याच्या कुंडावर तरंगत ठेवायला लागले, बोटानं ढकललं तरी फिरतात. तू १८११ दाखवणार असशील तर भिंग नको, आरसे पाहिजेत.

उंचीचं गणित पण मुलांना आवडतं म्हणून सांगते. पृथ्वी गोल असल्यामुळे कितीही जोरात दिवा लाव, क्षितिजाच्या खाली जातोच. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढून ३.५७ नं गुणलं की किलोमीटर मिळतात. बेल रॉकचा दिवा पाण्यापासून २८ मीटर वर, म्हणजे साधारण १९ किलोमीटर, आणि जहाजाच्या डेकवर १० मीटरवर उभा माणूस त्याचे अजून ११ धरले तर ३०. टॉवर उंच करायचा तो या हिशोबासाठी, शोभेसाठी नाही. हे गणित पाटीवर लावा, पालक फोटो काढून नेतील.

डोंगरवेडा_कऱ्हाड

ताई मस्त. आता ते गायब झालेले तीन माणसांचं मी सांगतो कारण मी त्याच्यावर रात्र रात्र घालवली आहे. ते बेल रॉक नाही. स्कॉटलंडच्या पश्चिमेला फ्लॅनन बेटं, तिथलं दीपगृह १८९९ चं. १९०० च्या डिसेंबरात ड्युकाट, मार्शल आणि मॅकआर्थर असे तिघं ड्युटीवर. वादळानं बदलीची बोट उशिरा, २६ डिसेंबरला पोचली तर कुणीच नाही. दिवा पुसलेला, तेल भरलेलं, सगळं जागच्या जागी, एकाचा पावसाळी कोट तेवढा खुंटीला. अर्धवट जेवलेली ताटं, उलटी पडलेली खुर्ची, रडल्याची नोंद असलेली वही, हे सगळं नंतर लोकांनी तिखटमीठ लावलेलं. भांडी घासून ठेवलेली होती. चौकशी अधिकाऱ्याचं म्हणणं सरळ होतं, पश्चिमेच्या धक्क्यावर दोर ठेवायची पेटी समुद्रापासून शंभर फुटांच्या वर असूनसुद्धा लाटांनी फुटली होती, ती सामग्री बघायला तिघंही खाली गेले आणि मोठ्या लाटेनं ओढले. भूत लावून त्या बिचाऱ्यांची चेष्टा करू नका एवढंच.

गावभागचा_पप्या

संपलं, भूत कॅन्सल. काल मीटिंगमध्ये काकांचा २ सप्टेंबरचा सीन वाचून दाखवला तर जो भुताचा आग्रह धरत होता तोच म्हणाला स्टीव्हन्सन मी होणार. घाणा दादा, लोहार ठरला, आमच्यातला एक खरंच वेल्डिंगचं काम करतो. टॉवर मागं बारा फुटी, बुडाला पसरट, दार वर.

दोन गोष्टी राहिल्या. आत माणसं राहायची कशी, टॉवरची एक बाजू कापून आतलं दाखवावं का? आणि मोटर किती स्पीडनं फिरवू? आमच्याकडं डीजेच्या लाईटची आहे ती गरागरा फिरते, लग्नाचा हॉल वाटतो.

जहाजी_सातारकर

कापून दाखव, छान दिसेल. खाली भरीव, मग दार, मग वर एकावर एक गोल खोल्या: पहिल्यात पाणी आणि कोळसा, दुसरीत तेल, तिसरीत स्वयंपाक, चौथीत झोपायचं, पाचवीत पाहुण्यांची खोली कम वाचनालय, आणि सगळ्यात वर दिवा. दाराशी भिंत माणसाच्या उंचीपेक्षा जाड, वर जाईल तशी पातळ. खोल्या गोल असल्यामुळं पलंगसुद्धा भिंतीच्या वळणानं केलेले. माणसं आळीपाळीनं, काही आत आणि एक जण किनाऱ्यावर घरी. आर्ब्रोथला १८१३ मध्ये त्यांच्या कुटुंबांसाठी आणि निरोपासाठी वेगळा सिग्नल टॉवर बांधला, तिथनं खडकावरच्यांशी खुणा चालायच्या. रखवालदाराला मूल झालं की मुलगा असेल तर पॅन्ट आणि मुलगी असेल तर परकर काठीला लावून दाखवायचे असं सांगतात. हे निवेदनात टाक, बायका हसतील. १९८८ ला शेवटची माणसं उतरली, आता सगळं आपोआप चालतं.

मिरजेची_मास्तरीण

डीजेची मोटर बाजूला ठेव. जुन्या मायक्रोवेव्हची थाळी फिरवणारी मोटर भंगारवाल्याकडे मिळते, ती मिनिटाला अडीच-तीन फेरेच घेते. दिव्याभोवती पुठ्ठ्याचा डबा उलटा ठेव, त्याला चार खिडक्या काप, समोरासमोरच्या दोनना लाल जिलेटीन कागद. अडीच फेरे धरले तर एक फेरा २४ सेकंदांचा, म्हणजे दर सहा सेकंदांनी एक झोत, एक पांढरा एक लाल. आजच्या बेल रॉकचा दर पाच सेकंदांनी एक पांढरा असतो, त्याच्या जवळच जातंय. डब्याला आतून काळा रंग दे म्हणजे खिडकी सोडून कुठून उजेड फुटणार नाही. आणि हॅलोजन अजिबात लावू नकोस, दहा दिवस सहा-सहा तास चालणार आहे, पुठ्ठा आहे तो. एलईडी घे, मागे स्टीलची वाटी लाव, आणि वायरिंग मंडपवाल्याकडून नको, वायरमनकडून करून घे. मोटर २३० व्होल्टची आहे का २१ ची ते तिच्या अंगावर छापलेलं असतं, जोडायच्या आधी वाच, मायक्रोवेव्हमध्ये दोन्ही येतात.